वादळानंतरची परीक्षा
घर व वाहनाच्या नुकसानीचा विमादावा आणि श्रद्धावंताची जबाबदारी



३ जून २०२० चा बुधवार रायगड जिल्हा सहजासहजी विसरणार नाही. ईदुल फित्र होऊन नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे रोजगार बंद होता आणि मशिदी ओस होत्या. अशा वेळी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, रोहा या तालुक्यांत घरांचे पत्रे व कौले उडवली, नारळी-पोफळीच्या पिढीजात बागा आडव्या केल्या, विजेचे खांब वाकवले. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालो की गडब लागते. या पट्ट्याला खाडीचा शेजार आहे, खारभूमीची भातखाचरे आहेत आणि अंगणाशेजारून रात्रंदिवस धावणारी अवजड वाहतूक आहे. येथील कुटुंबाला घराचे छप्पर आणि दारातली गाडी या दोन्हींची काळजी बारमाही असते. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि जुलै २०२१ मधील महाडचा महापूर यांची आठवणही जिल्ह्यात ताजी आहे.

वादळ काही तासांत निघून जाते. त्यानंतरची परीक्षा मात्र काही महिने चालते. विमा कंपनीचा पाहणी अधिकारी, ज्याला आपण सर्व्हेअर म्हणतो, तो हातात कागद घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, “काय काय गेले?” त्या क्षणी आपण जे उत्तर देतो, ते कंपनीच्या नोंदीत जाते आणि आपल्या कर्मपत्रातही जाते. या दोन्ही नोंदी एकसारख्या कशा राहतील, हा या पाठाचा विषय आहे.

१. विम्याविषयी शरीअतचा दृष्टिकोन

दाव्याचा विचार करण्यापूर्वी मूळ प्रश्न टाळता येणार नाही. प्रचलित व्यापारी विम्यात व्याज, म्हणजे रिबा, आणि व्यवहारातील अनिश्चितता, म्हणजे गरर, हे दोन दोष असल्याचे बहुसंख्य उलमांचे मत आहे. कित्येकांनी त्यात जुगाराचेही साम्य दाखविले आहे. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये जेद्दाह येथील अधिवेशनात व्यापारी विमा निषिद्ध ठरविला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा हा पर्याय सुचविला. यालाच ‘तकाफुल’ म्हणतात. सुदानमध्ये १९७९ मध्ये या धर्तीवर कंपनी स्थापन झाली आणि मलेशियाने १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

आपल्या देशात तकाफुलचा परवाना असलेली कंपनी नाही. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा उतरविल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. जेथे कायद्याची सक्ती आहे, तेथे उलमांनी विवशता ग्राह्य धरली आहे. घर, दुकान किंवा स्वतःच्या वाहनाच्या ऐच्छिक विम्याबाबत भारतीय उलमांमध्ये मतभेद आहेत. येथील परिस्थिती आणि जीवित-वित्ताची असुरक्षितता पाहून काहींनी सवलत दिली आहे, तर काहींनी ती दिलेली नाही. भरलेल्या हप्त्यांपेक्षा अधिक मिळालेल्या रकमेचे काय करावे, याविषयीही एकमत नाही. ही अधिक रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी, असे काही मुफ्ती सांगतात. आपण ज्या आलिमांवर विश्वास ठेवता, त्यांच्यापुढे आपली प्रत्यक्ष परिस्थिती मांडून मार्गदर्शन घ्यावे.

परंतु एका गोष्टीबाबत कोणाचाही मतभेद नाही. विमा कोणत्याही मताने घेतलेला असो, दाव्यात खोटे बोलणे सर्वांच्या मते हराम आहे. ‘कंपनीचा व्यवहारच शुद्ध नाही, मग तिला फसविले तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद सैतानाच्या जुन्या युक्तिवादांपैकी एक आहे. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा आहे. समोरचा कोण आहे, हे पाहून ती सैल होत नाही.

२. आधी माणसे, मग माल

संकट कोसळताच पहिला शब्द ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ हा असावा. सूरह अल-बकराच्या १५५ ते १५७ या आयतींत भय, भूक आणि जीवित-वित्त-पिकांच्या हानीने परीक्षा होईल, असे सांगून धीर धरणाऱ्यांना शुभवार्ता दिलेली आहे. मात्र सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. उंटाला मोकळे सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. तिर्मिझी यांनी ही हदीस नोंदविली आहे.

वादळानंतर ‘उंट बांधणे’ म्हणजे काय, ते क्रमाने पाहू.

घरात पाणी शिरले असेल किंवा भिंत ओली असेल, तर विजेचा मुख्य स्विच बंद करावा. तडकलेल्या भिंतीखाली किंवा लोंबकळणाऱ्या पत्र्याखाली कोणीही थांबू नये. वस्तू हलविण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे व चित्रफिती घ्याव्यात. आधी लांबून संपूर्ण घर, मग प्रत्येक खोली, मग प्रत्येक वस्तू असा क्रम ठेवावा. पाणी कोठपर्यंत चढले, ती रेषा भिंतीवर दिसते. तिचे छायाचित्र अवश्य घ्यावे.

त्यानंतर नुकसान वाढू देऊ नये. छप्पर उडाले असेल तर ताडपत्री घालावी, सुकण्याजोगे ते सुकवावे, वाचण्याजोगे ते वाचवावे. ‘विमा आहेच, भिजू दे’ अशी वृत्ती विमापत्राच्या अटींना धरून नाही आणि मालाची नासाडी न करण्याच्या शिकवणीलाही धरून नाही. अशा तातडीच्या दुरुस्तीचा खर्च लिहून ठेवावा आणि पावती घ्यावी. मोडलेल्या वस्तू मात्र पाहणी होईपर्यंत भंगारात देऊ नयेत. फुटलेले कौल व गंजलेला पंखा हेच आपले साक्षीदार असतात.

३. लिहून ठेवण्याची आज्ञा

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती? ती नमाजविषयी नाही आणि रोजाविषयीही नाही. सूरह अल-बकराची ती २८२ वी आयत आहे आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणे, लेखकाने न्यायाने लिहिणे आणि साक्षीदार ठेवणे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही त्यात बजाविले आहे. आपल्या घरांत मात्र विमापत्र कोठे आहे, हे बहुधा घरातील एकाच माणसाला ठाऊक असते.

म्हणून आजच एक फाइल करा. तिच्यात विमापत्र, हप्त्याच्या पावत्या, घरपट्टीची पावती, घराचा आठ-अचा उतारा, मोठ्या वस्तूंची बिले, वाहनाचे नोंदणीपत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती ठेवा. सर्वांची छायाचित्रे घरातील दोन मोबाइलांवर ठेवा. घरातील स्त्रियांनाही ही फाइल माहीत असू द्या. संकट आले तेव्हा कर्ता पुरुष कुवेतला किंवा दुबईला नोकरीवर असेल, तर धावपळ त्यांनाच करावी लागते.

विमापत्र वाचणेही आवश्यक आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र देणे बंधनकारक करण्यात आले. त्यात आग, वादळ, पूर, भूकंप, दरड यांचा अंतर्भाव आहे. इमारतीचा विमा उतरविल्यास घरातील सामानालाही आपोआप इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण मिळते. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते आणि ते भिंतींचाच दावा करून थांबतात.

नुकसान होताच कंपनीला कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. फोनवर बोलणे झाले असले तरी त्याच दिवशी ईमेल किंवा पत्रही पाठवावे. त्याबरोबरच तलाठी व ग्रामसेवकांना कळवून सरकारी पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत मागावी. शासकीय मदत व विम्याचा दावा या दोन वेगळ्या वाटा असल्या, तरी पंचनाम्याची प्रत दोन्हीकडे उपयोगी पडते. म्हणूनच दोन्हीकडे सांगितलेली हकिगत एकच असली पाहिजे.

४. वाहनाचा दावा

येथे सर्वांत मोठा गैरसमज हा आहे की गाडीचा विमा आहे म्हणजे गाडीचे नुकसान भरून मिळेल. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीपुरता असतो. आपल्या गाडीवर झाड पडले किंवा ती पुरात बुडाली, तर सर्वसमावेशक विमा असेल तरच दावा करता येतो.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. चावी फिरविताच पाणी इंजिनात खेचले जाते आणि ते निकामी होते. ही हानी पुरामुळे न होता आपल्या कृतीमुळे झाली, असे म्हणून कंपनी ती नाकारू शकते. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर हा खर्च अंगावर येतो. बॅटरीची जोडणी काढावी आणि गाडी ओढून न्यावी. अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर जखमीला दवाखान्यात नेणे हे पहिले कर्तव्य आणि पोलिसांना कळविणे हे दुसरे.

दाव्याची रक्कम बिलाइतकी का मिळत नाही, तेही समजून घ्यावे, म्हणजे मनात अकारण किल्मिष राहणार नाही. समजा, झाडाची फांदी पडून गाडीची काच व प्लास्टिकचा बंपर फुटला. काच ६,००० रुपये, बंपर ८,००० रुपये, मजुरी ३,००० रुपये, असे एकूण १७,००० रुपयांचे बिल झाले. काचेवर घसारा नाही, त्यामुळे ६,००० पूर्ण धरले जातील. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा असतो, म्हणून बंपरचे ४,०००. मजुरीचे ३,०००. ही बेरीज १३,००० होते. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी मालकाने सोसावयाचे सक्तीचे १,००० रुपये वजा होतील. हाती येतील १२,००० रुपये. उरलेल्या ५,००० रुपयांत कंपनीने लबाडी केलेली नाही, कराराची अटच तशी आहे. घसाऱ्याविना भरपाई हवी असेल, तर विमा घेतानाच जादा हप्ता भरून ती सोय घ्यावी लागते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरविलेल्या विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण निकामी समजली जाते.

५. ओले धान्य वर ठेवा

आता आपण या पाठाच्या गाभ्याशी आलो आहोत. वरील ५,००० रुपये भरून काढण्यासाठी गॅरेजवाला हळूच सुचवितो, “भाई, मागच्या दाराचा जुना पोचाही यातच टाकू. सर्व जण असेच करतात.” घराच्या बाबतीत शेजारी सुचवितो की तीन वर्षांपूर्वी तडकलेली भिंत वादळातच तडकली असे सांगा, आधीच बंद असलेला टीव्ही यादीत घाला, चाळीस पत्र्यांचे साठ करा.

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग येथे आठवावा. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विक्रेत्याला कारण विचारले. तो म्हणाला की धान्यावर पाऊस पडला आहे. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना ते दिसले असते. आणि जो फसवितो त्याचा माझ्याशी संबंध नाही, असे बजाविले.

या प्रसंगाकडे नीट पाहा. त्या विक्रेत्याचे नुकसान खरे होते आणि पाऊस त्याने पाडलेला नव्हता. तो एका अर्थाने आपत्तीग्रस्तच होता. तरीही खऱ्या आपत्तीने त्याला लपविण्याची सवलत मिळाली नाही. त्याने ओले धान्य कोरड्याखाली दडविले होते. आपण दाव्यात उलट करतो, कोरडे धान्य ओले म्हणून दाखवितो. दोन्हींत फसवणूक एकच आहे. छप्पर खरोखर उडाले, म्हणून न उडालेल्या भिंतीचे पैसे हलाल होत नाहीत.

व्यवहारातही हा मार्ग तोट्याचा आहे. एक खोटी बाब उघड झाली, तर लबाडीच्या कारणावरून संपूर्ण दावा नाकारण्याचा अधिकार विमापत्राच्या अटींनीच कंपनीला दिलेला असतो. साठ पत्र्यांच्या लोभात खरे चाळीसही जातात. शिवाय हा पैसा कंपनीच्या मालकाचा नसून हजारो हप्तेदारांचा असतो. त्यात आपल्याच गावातील रिक्षाचालक आणि दुकानदारही आहेत.

म्हणून सर्व्हेअर आला की ओले धान्य स्वतःच वर ठेवावे. “ही भेग जुनी आहे, ही नवी आहे” असे आपणच दाखवावे. यादीत वस्तू, खरेदीचे वर्ष, तेव्हाची किंमत आणि आजची स्थिती असे चार रकाने करावेत. पावती नसेल तर ‘पावती नाही’ असे स्पष्ट लिहावे, बनावट बिल आणू नये. सर्व्हेअरला चहा-पाणी विचारणे हा आपला पाहुणचार आहे, परंतु अहवाल आपल्या बाजूने लिहावा म्हणून पाकीट देणे ही लाच आहे. लाच देणारा व घेणारा या दोघांचाही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. कोणी पैसे मागितले, तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

६. हक्क मागणे सब्रविरुद्ध नाही

प्रामाणिकपणाचा अर्थ भोळेपणा नव्हे. आपला दावा खरा असेल आणि कंपनी टाळाटाळ करीत असेल, तर गप्प बसण्यात कोणतेही पुण्य नाही. एका धनकोने प्रेषितांकडे (स.) कठोर शब्दांत तगादा लावला, तेव्हा सोबती त्याच्यावर संतापले. प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो, असे समजाविले. बुखारी यांच्या संग्रहात हा प्रसंग आहे.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याने १५ दिवसांत अहवाल दिला पाहिजे आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळविला पाहिजे. विलंब झाला किंवा दावा नाकारला गेला, तर पायऱ्या अशा :

पहिली पायरी : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. नकाराचे कारण विमापत्रातील कोणत्या अटीवर आधारलेले आहे, ते लेखी मागावे.

दुसरी पायरी : प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेत नोंद. दूरध्वनी क्रमांक १५५२५५ हा त्यासाठीच आहे.

तिसरी पायरी : विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत येथे जाता येते. शुल्क नाही आणि वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे प्रकरण येथे चालते.

चौथी पायरी : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रायगडसाठी तो अलिबागला आहे. येथे साधारणतः दोन वर्षांच्या आत जावे लागते.

परंतु वाद घालताना एक भीती मनात जागी असावी. उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) वादींना जाणीव करून दिली की तेही एक माणूस आहेत आणि एखादा पक्ष अधिक वाक्पटू असल्याने ऐकून त्याच्या बाजूने निवाडा होऊ शकतो. मात्र जर अशा रीतीने दुसऱ्याचा हक्क कोणाला मिळाला, तर तो आगीचा तुकडा समजावा. प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते लोकपालाच्या निवाड्याने कसे होईल?

७. ज्यांच्याकडे विमापत्र नाही

आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांचा विमा नसतो. त्यांचे काय? सहीह मुस्लिममध्ये कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. ज्याची मालमत्ता आपत्तीने नष्ट झाली, त्याला पुन्हा उभे राहण्याइतके मिळेपर्यंत मागण्याची मुभा त्यात दिली आहे. उपासमारीने गांजलेल्या माणसासाठी त्याच्याच लोकांतील तीन समंजस व्यक्तींची साक्ष सांगितली आहे. मदतीबरोबर पडताळणीही शिकविणारी ही शिकवण आजच्या पंचनाम्याची आठवण करून देते.

अशअरी कबिल्याचीही प्रेषितांनी (स.) प्रशंसा केली. अन्नसामग्री संपत आली की ते लोक प्रत्येकाकडील उरलेले एका कापडावर जमा करीत आणि सारखे वाटून घेत. तकाफुलचे मूळ यातच आहे. प्रत्येक जमातीने पावसाळ्यापूर्वी ताडपत्र्या, दोर, बॅटऱ्या आणि थोडा निधी जमवून ठेवला, तर त्या सुन्नतीचेच पालन होईल. दावा भरता न येणाऱ्या विधवेला किंवा वृद्धाला अर्ज लिहून देणे हाही सदका आहे. ती विधवा कोणत्या धर्माची आहे, हे विचारण्याची गरज नाही. वारा कोणाचे छप्पर उडवायचे हे धर्म पाहून ठरवीत नाही.

वाचकहो, छप्पर पुन्हा घालता येते आणि गाडी पुन्हा घेता येते. लेकरांसमोर उच्चारलेले एक खोटे मात्र त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहते. सर्व्हेअरपुढे बापाने “ही भेग जुनी आहे” असे सांगितलेले ज्या मुलाने ऐकले, त्याला अमानतीचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. अल्लाह आपल्या घरांचे रक्षण करो, संकटात धीर देवो आणि हलाल कमाईतच बरकत देवो. आमीन.

घरातील बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराचे व वाहनाचे विमापत्र कोठे आहे? घरातील किती जणांना ते ठाऊक आहे?
२. ओल्या धान्याच्या प्रसंगातील विक्रेत्याचे नुकसान खरे होते, तरी त्याची चूक कोणती?
३. गॅरेजवाल्याने जुना पोचा दाव्यात घालण्याचे सुचविले, तर आपण कोणत्या शब्दांत नकार द्याल?
४. आपल्या मोहल्ल्यात पावसाळ्यापूर्वी मदतनिधी उभा करण्यासाठी पहिले पाऊल कोण व केव्हा उचलेल?